मुलाला इजा केल्याचा आरोप घरच्यांवर आला, तर पहिले पंधरा दिवस

अजून रांगायलाही न लागलेल्या बाळाच्या मांडीचे हाड मोडलेले असते आणि घरचे सांगतात, “कसं झालं कळलंच नाही.” अशा वेळी मोठे पालिका रुग्णालय असो की गल्लीतले नर्सिंग होम, डॉक्टरने ती मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण, म्हणून नोंदवायलाच हवी. ज्या घरात मुलाला खरोखर मारहाण होते, तिथे हीच नोंद त्याचा जीव वाचवते. म्हणून पुढचे लिखाण डॉक्टरांविरुद्ध नाही, तक्रार करणाऱ्यांविरुद्धही नाही. काका, आजी, आत्या, कधी खुद्द आईवडील चुकीने आरोपी होतात आणि काही वर्षांनी निर्दोष सुटतात, अशा घरांसाठी ते आहे.

सत्र न्यायालयाचा निकाल कधीही लागो, सुटकेचा पुरावा पहिल्या पंधरवड्यातच जपला जातो किंवा कायमचा जातो. औषध दिल्यानंतर घेतलेले रक्त मूळचा दोष दाखवत नाही. अंगावरचा डाग फिका होतो. सोसायटीच्या सीसीटीव्हीवर नवे चित्रण जुन्यावर चढते. आणि मुलाला घरातल्या सगळ्यांनी पुन्हा पुन्हा विचारले की त्याचे पहिले शब्द कोणालाच परत मिळत नाहीत.

आधी हाडांबद्दल, कारण तान्ह्या बाळांच्या बाबतीत संशयाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. दोन आजार प्रत्येक वेळी तपासायला हवेत. पहिला मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडे मऊ पडणे. आईच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी, बाळ फक्त अंगावरच्या दुधावर, घर चाळीच्या आतल्या बाजूला किंवा दाटीच्या इमारतीत, थेंब लिहून दिलेले पण चालू केलेले नाहीत, असा योग मुंबईत सहज जुळतो. पहिल्या वर्षात बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यावे, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. ते खरोखर दिले होते का, याची बाटली, बिल आणि डॉक्टरची चिठ्ठी शोधून ठेवा. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि पीटीएच या पाच तपासण्या एकत्र लागतात, आणि त्या ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याआधी व्हायला हव्यात. सोबत मनगटाचा एक्स-रे. मुडदूस असेल तर हाडाचे टोक रुंद, खोलगट आणि विसविशीत दिसते. उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत हे चित्र बदलते, आणि मग “त्या वेळी हाडे कशी होती” हे कोणी सांगू शकत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रक्तातला ड जीवनसत्त्वाचा आकडा कमी आला, पण एक्स-रे आणि बाकीच्या तपासण्या ठीक आहेत, एवढ्यावर “हाड म्हणूनच मोडले” असे म्हणता येत नाही. शहरातल्या कितीतरी मुलांचा आकडा कमीच येतो. या एका आकड्यावर बचाव उभा केला, तर सरकारी पक्षाचा बालरोगतज्ज्ञ तो दोन मिनिटांत पाडतो आणि बाकीचे खरे मुद्देही त्याबरोबर पडतात.

दुसरा आजार ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मतःच ठिसूळ हाडे. यात डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असतो असे सगळे सांगतात, पण काही प्रकारांत तो पांढराच असतो. त्यामुळे डोळे पाहून निर्णय लावू नये. कुटुंबाचा इतिहास जास्त बोलका ठरतो: आजोबांना तरुणपणीच कमी ऐकू येऊ लागले, आत्याचे मनगट दोनतीनदा मोडले, कोणाचे दात पिवळट-करडे आणि झिजणारे आहेत. अशा नातेवाइकांचे जुने एक्स-रे आणि ऑडिओमेट्रीचे कागद गावाकडच्या ट्रंकेत असतील, तर ते आजच मागवा. कॉल १ए१ आणि कॉल १ए२ या जनुकांची तपासणी रक्ताच्या छोट्या नमुन्यावर होते, पण अहवालाला आठवडे लागतात. जामिनाच्या सुनावणीत तो हाताशी हवा असेल, तर नमुना लगेच जायला हवा.

एक्स-रे किती आणि कसे काढले, हेही पाहा. आख्खे बाळ एकाच फिल्मवर घेतलेला एक्स-रे पुरेसा नसतो. प्रत्येक हाताचा, पायाचा, कवटीचा, बरगड्यांचा आणि मणक्याचा वेगळा असा साधारण वीस चित्रांचा स्केलेटल सर्व्हे लागतो, आणि ११ ते १४ दिवसांनी तो पुन्हा करायचा असतो. ताजी बरगडी मोडलेली असली तरी पहिल्या दिवशी बहुधा दिसत नाही. ती भरू लागली की दिसते. ही दुसरी फेरी आपल्याकडे सर्रास राहून जाते. घरच्यांनी तिला घाबरू नये, उलट लेखी मागावी. बाळ बालगृहात किंवा दुसऱ्या नातेवाइकाकडे असताना नवे हाड मोडल्याचे दिसले आणि रेडिओलॉजिस्टने त्या मोडण्याचा काळ घर सोडल्यानंतरचा ठरवला, तर आजाराच्या बाजूने याहून मोठा पुरावा क्वचितच मिळतो. अहवालाच्या कागदावर थांबू नका, मूळ चित्रांची सीडी मागा. पाच वर्षांनी दुसरा तज्ज्ञ मत देईल ते चित्रांवरून देईल, झेरॉक्सवरून देणार नाही.

आता डोक्यातला रक्तस्राव. महिना-दोन महिन्यांचे बाळ झटके येऊन बेशुद्ध होते, सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त दिसते आणि “बाळाला जोरात हलवले का?” हा प्रश्न येतो. त्या क्षणी रक्त गोठण्याच्या तपासण्या व्हायला हव्यात: प्लेटलेट, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ), फायब्रिनोजेन. के जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा उशिराचा रक्तस्राव बहुधा दोन ते बारा आठवड्यांच्या, फक्त अंगावरच्या दुधावरच्या बाळांत होतो. जन्मल्यावर दिले जाणारे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन राहून गेलेले असते. हे इंजेक्शन वॉर्डात दिल्यावर पीटी काही तासांत नॉर्मल होतो. म्हणजे रक्त कोणत्या वेळी काढले आणि इंजेक्शन कोणत्या वेळी दिले, या दोन वेळांवर सगळे अवलंबून राहते. प्रसूतिगृहाचे डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर या इंजेक्शनची नोंद आहे का ते पाहा. घरी बाळंतपण झाले असेल तर तसे लिहून द्या.

काही आजार या नेहमीच्या तपासण्यांत सापडत नाहीत. फॅक्टर तेरा या रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या कमतरतेत पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येतात. खूण असते ती नाळ पडल्यावर बेंबीतून दिवसेंदिवस रक्त येत राहण्याची, आणि आईवडिलांच्या जवळच्या नात्यातल्या लग्नाची. त्यासाठी रक्ताच्या गाठीच्या विद्राव्यतेची वेगळी तपासणी मागावी लागते, तीही प्लाझ्मा किंवा रक्त चढवण्याआधी. चढवलेल्या रक्तातून दुसऱ्याचा फॅक्टर येतो आणि दोष झाकला जातो. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. अशा दुर्मिळ रक्तस्रावी आजारांचे निदान हे तिचे कामच आहे, आणि देशभरातून नमुने जिथे येतात ती जागा मुंबईकरांच्या लोकलच्या अंतरावर आहे. डोके वयाच्या मानाने मोठे असेल तर ग्लुटारिक अॅसिडयुरिया टाइप १ या जन्मजात चयापचयाच्या आजारासाठी लघवीतील ऑरगॅनिक अॅसिडची तपासणी करून घ्यावी. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त दिसले तर नेत्रतज्ज्ञाने बाहुल्या मोठ्या करून तारखेसह फोटो काढलेले हवेत. नुसते “रेटिनल हॅमरेज आहे” हे वाक्य पुढे काहीच सिद्ध करू देत नाही, ना आरोप ना निर्दोषपण. जन्माच्या वेळीही पडद्यावर रक्त येते आणि काही आठवड्यांत जाते, त्यामुळे बाळाचे त्या दिवशीचे वय इथे निर्णायक असते.

कुटुंबाच्या इतिहासाला कमी लेखू नका, विशेषतः जुन्या बायकांच्या आठवणींना. इंग्लंडमध्ये तृप्ती पटेल या भारतीय वंशाच्या फार्मासिस्टवर स्वतःच्या तीन तान्ह्या बाळांना मारल्याचा खटला चालला. तिची आजी वयाच्या ऐंशीच्या घरात भारतातून तिथे गेली आणि आपल्या बारापैकी पाच मुले लहानपणीच गेल्याचे तिने कोर्टात सांगितले. जून २००३ मध्ये ज्युरीने तृप्तीला निर्दोष ठरवले. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग हिला २००३ मध्ये आपल्या चार मुलांच्या मृत्यूंबद्दल शिक्षा झाली. पुढे तिच्या दोन मुलींमध्ये हृदयाची लय बिघडवू शकणारा काल्म-२ जनुकातला बदल सापडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली. आपल्याकडे अशी माहिती आजी “त्या वेळी दृष्ट लागली होती” एवढ्याच शब्दांत सांगते. तिच्याजवळ बसून कोणते मूल, किती महिन्यांचे, आधी ताप होता का, रक्त गेले का, असे एकेक विचारून लिहून काढा.

त्वचेवरच्या खुणा सोप्या वाटतात, पण चुका तिथेही होतात. कमरेवर आणि ढुंगणावर जन्मापासून असलेला निळसर-राखाडी डाग आपल्या मुलांत अगदी सामान्य आहे, आणि नव्या पाळणाघराला तो मार वाटू शकतो. फरक करायची रीत अशी: त्याच उजेडात, पट्टी शेजारी ठेवून, दर दोन दिवसांनी दोन आठवडे फोटो काढा. मार हिरवट-पिवळा होत जातो, जन्मखूण तशीच राहते. मात्र माराच्या रंगावरून तो नेमका किती दिवसांचा आहे, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. कागदात “तीन दिवसांपूर्वीचा मार” असे ठाम लिहिले असेल तर उलटतपासणीत त्याचा आधार विचारायलाच हवा. बिब्ब्याचे तसेच. पोटदुखीवर किंवा दृष्टीवर बिब्बा लावायची चाल अजून गेलेली नाही. त्याच्या तेलाने फोड येतात, काळे चट्टे पडतात आणि ते सिगारेटच्या चटक्यासारखे दिसतात. बिब्बा लावला असेल तर लाजेने लपवू नका, पहिल्याच जबाबात सांगा. ती इजाच आहे आणि तिची जबाबदारी घ्यावी लागेल, पण मुद्दाम जाळण्याचा आरोप आणि अडाणी उपचार यांत कायदा फरक करू शकतो. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली, तर तो फरक करायला कोणी तयार होत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या संशयात तर फारच सावध वाचन हवे. लहान मुलींत लायकेन स्क्लेरोसस नावाच्या त्वचारोगाने पांढरे चट्टे आणि रक्ताचे ठिपके येतात. मूत्रमार्गाचे अस्तर बाहेर आल्याने रक्त दिसते. गुदद्वाराभोवती स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाने भडक लाली येते. सायकलच्या दांड्यावर पडून जखम होते. हे सगळे बालरोग किंवा स्त्रीरोग तज्ज्ञाने, शक्य तर त्वचारोगतज्ज्ञासह, पाहायला हवे. दुसरी बाजूही तितकीच खरी: अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांची शारीरिक तपासणी नॉर्मलच येते. “मेडिकल क्लीन आहे” म्हणून काका सुटले असे घरात कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटे घालून केलेली तपासणी) मात्र कधीही, कोणत्याही कारणाने होता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये हे बजावले आहे.

मूल दगावले असेल तर शवविच्छेदनाचा कागद हाच खटल्याचा कणा होतो. कॅनडातील ओंटारियोमध्ये विल्यम मलिन्स-जॉन्सन या काकाला चार वर्षांच्या पुतणीच्या खुनाबद्दल १९९४ मध्ये जन्मठेप झाली. मृत्यूनंतर शरीरात खाली साचणाऱ्या रक्ताचे डाग मार समजले गेले होते, आणि मृत्यूनंतर सैलावणारे गुदद्वार अत्याचाराची खूण मानले गेले होते. मत देणाऱ्यांत चार्ल्स स्मिथ हा बालविकृतिशास्त्रज्ञ होता. ऊतींच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्ट्या वर्षानुवर्षे सापडत नव्हत्या. त्या त्याच्याच ऑफिसातून निघाल्या, दुसऱ्या तज्ज्ञांनी पाहिल्या आणि २००७ मध्ये काका निर्दोष सुटला, बारा वर्षे तुरुंगात काढून. त्यानंतर न्यायमूर्ती गूज यांच्या चौकशी आयोगाने २००८ मध्ये स्मिथच्या कामाची पूर्ण चिरफाड केली. आपल्यासाठी यातला व्यवहाराचा भाग काचपट्ट्यांचा आहे. शवविच्छेदनात “अंतिम मत राखून ठेवले” असे लिहिले असेल, तर कोणते नमुने कुठे गेले ते विचारा: व्हिसेरा (पोटातले अवयव) कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, ऊती हिस्टोपॅथॉलॉजीला, रक्त आणि मणक्यातले पाणी मायक्रोबायोलॉजीला. मग वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करा की काचपट्ट्या, मेणातले ब्लॉक आणि उरलेले नमुने खटला संपेपर्यंत नष्ट करू नयेत.

ऑस्ट्रेलियातल्या लिंडी चेंबरलेनच्या खटल्यात गाडीत बाळाचे रक्त सापडल्याचे प्रयोगशाळेने सांगितले होते. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. पुढे रक्त समजलेला तो फवारा गाडीतला आवाज दाबणाऱ्या रसायनाचा असल्याचे निघाले, आणि तपासणीच्या मूळ पट्ट्या तर आधीच टाकून दिलेल्या होत्या. शिक्षा १९८८ मध्ये रद्द झाली. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल हाती आला की पहिला प्रश्न हाच: ही प्राथमिक चाचणी आहे की खात्रीची, आणि नमुना पुन्हा तपासण्याइतका शिल्लक आहे का?

आता पोलीस ठाणे.

मारहाणीच्या प्रकरणात बहुधा बाल न्याय कायद्याचे कलम ७५ लागते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि सोबत भारतीय न्याय संहितेतील गंभीर दुखापतीचे कलम, शिक्षा सात वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची नोटीस येते आणि हजर राहून सहकार्य करणाऱ्याला सहसा अटक करायची नसते. म्हणून नोटीस आली की गावाला पळू नका. ठरल्या वेळी जा आणि हजर राहिल्याची पोच घ्या. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणात गणित बदलते. त्यात न्याय संहितेचे कलम ६५, म्हणजे सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्कार, लावले असेल तर अटकपूर्व जामिनाची तरतूदच लागू होत नाही. एफआयआरची प्रत हातात आल्याशिवाय वकीलही पुढचे सांगू शकत नाही. पॉक्सोचे एफआयआर संकेतस्थळावर टाकले जात नाहीत, म्हणून प्रतीसाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो.

साक्षीदार म्हणून जबाबासाठी कोणत्याही स्त्रीला किंवा साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यावर बोलावता येत नाही, घरीच विचारायचे असते. आजीला रात्री अकरापर्यंत ठाण्यात बाकावर बसवले असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेचे हे कलम १७९ शांतपणे दाखवा. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. कोठडीतल्या कोणालाही आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे.

घरात सगळ्यात आधी करायचे काम म्हणजे वेळापत्रक. मूल शेवटचे ठणठणीत केव्हा दिसले तिथपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत: कोणी पाजले, कोणी न्हाऊ घातले, कोणाकडे किती वेळ होते, पहिले लक्षण कोणी पाहिले. प्रत्येकाने आपापले, एकमेकांशी न बोलता लिहायचे. एकत्र बसून “आपण सगळे हेच सांगू” असे ठरवले की जबाब शब्दाला शब्द जुळतात, आणि असे जुळणारे जबाब न्यायाधीशाला पढवलेले वाटतात. खऱ्या आठवणी थोड्या वेगळ्या असतातच. मग कागदोपत्री आधार: ऑफिसची बायोमेट्रिक नोंद, स्टेशनवरच्या वडापावचे यूपीआय पेमेंट, मोबाइलचे लोकेशन, त्या दुपारी व्हॉट्सअॅपवर टाकलेला बाळाचा हसतानाचा व्हिडिओ. मूळ फाइल ठेवा, फॉरवर्ड केलेली नको. फोन रीसेट करू नका, चॅट उडवू नका, लाजिरवाणे असले तरी. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी पत्र द्या की अमुक तारखांचे चित्रण जपावे, तशीच विनंती तपास अधिकाऱ्याला द्या आणि दोन्हींवर पोच घ्या. चित्रण न्यायालयात दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, फाइलच्या हॅश क्रमांकासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय क्रमांक). ते नसेल तर उत्तम चित्रणही वाया जाते.

बोलू शकणारे मूल असेल तर त्याला पुन्हा विचारू नका. ज्या व्यक्तीशी ते पहिल्यांदा बोलले तिने दोनच गोष्टी लिहाव्यात: मुलाचे शब्द जसेच्या तसे, आणि ते कोणत्या प्रश्नावर आले. “काकांनी इथे हात लावला ना?” या प्रश्नाला आलेले “हो” आणि आपणहून सांगितलेले वाक्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. आरोपीच्या बाजूच्या मावशीने खाऊ देऊन “असं काही झालं नाही ना?” विचारणे हे साक्षीदारावर दबाव आणणेच आहे आणि त्याने जामीन जातो. मुलाचे नाव, फोटो, शाळा, इमारत यांतले काहीही नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका. “आमच्या भावाला अडकवलंय” अशी पोस्ट पुतणीच्या नावासह टाकणारा स्वतः गुन्ह्यात सापडतो.

खोलीच्या किंवा पुनर्विकासाच्या वादातून तक्रार झाली, हा बचाव मुंबईत नेहमी ऐकू येतो. वाद असणे म्हणजे तक्रार खोटी असणे नव्हे, आणि न्यायालयही तसे मानत नाही. वादाची नोटीस, दाव्याची तारीख, मिटिंगचे इतिवृत्त हे तक्रारीच्या आधीचे असतील आणि तक्रारीतला तपशील इतर पुराव्याशी जुळत नसेल, तरच त्या वादाला वजन येते.

फौजदारी खटला एकीकडे चालतो आणि मुलाच्या ताब्याचा प्रश्न दुसरीकडे, बाल कल्याण समितीपुढे. कुटुंबे पहिल्यात इतकी गुंततात की दुसऱ्याकडे कोणी पाहतच नाही, आणि मला हे नुकसान सगळ्यात मोठे वाटते, कारण इथे शिक्षा मूल भोगते. मुलाला २४ तासांत समितीपुढे हजर करायचे असते. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. अहवाल लिहिणारा अधिकारी घरी येईल, तेव्हा मुलाचे लसीकरण कार्ड, वजनाचा तक्ता, शाळेची वही, बालरोगतज्ज्ञाचे पत्र पुढे ठेवा. मुलाला डोंगरी किंवा मानखुर्दच्या बालगृहात राहायला लागू नये म्हणून आरोपाशी संबंध नसलेल्या मामाने किंवा आत्याने ‘योग्य व्यक्ती’ (मुलाचा तात्पुरता सांभाळ करणारी, समितीने मान्य केलेली व्यक्ती) म्हणून लगेच अर्ज करावा. सोबत आधार, घराचा करार, पगाराची स्लिप, घरात राहणाऱ्या सर्वांची यादी आणि आरोपी त्या घरात राहणार नाही असे हमीपत्र. शेवटचे नसेल तर अर्ज बहुधा अडतो. आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस असतात.

हे दोन मार्ग किती वेगळे राहू शकतात, हे बर्लिनमधल्या एका गुजराती कुटुंबावरून दिसले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांची सात महिन्यांची मुलगी इजेच्या संशयावरून ताब्यात घेतली गेली. आईवडिलांवरची फौजदारी चौकशी फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोपाविना बंद झाली. तरी जून २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने मुलीचा ताबा बालकल्याण खात्याकडेच ठेवला.

दोषारोपपत्र दाखल झाले की सगळे कागद मोफत मिळतात. त्याखेरीज पोलिसांनी गोळा केले पण वापरले नाहीत अशा कागदांची यादीही मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती देणे बंधनकारक केले आहे. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील स्त्रीला दोन मुलांच्या खुनाबद्दल १९९९ मध्ये जन्मठेप झाली होती. एका मुलाच्या अंगात जंतुसंसर्ग दाखवणारे प्रयोगशाळेचे अहवाल बचाव पक्षाला मिळालेच नव्हते. रुग्णालयाच्या कागदांत ते सापडले आणि २००३ मध्ये ती सुटली. न वापरलेल्या कागदांची यादी मागायची ती यासाठी.

पॉक्सोमध्ये कलम २९ चे गृहीतक आरोपीविरुद्ध असते, म्हणजे गुन्हा केला असे धरूनच चालतात, पण आधी सरकारी पक्षाने मूळ घटना पुराव्याने उभी करावी लागते, हे उच्च न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मुलाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलावता येत नाही आणि बचावाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. त्यामुळे न्यायालय फोर्टचे असो की दिंडोशीचे, मुलाच्या साक्षीच्या तारखेला वकील तयारीने हजर हवा. “पुढच्या तारखेला करू” म्हणून सोडलेली उलटतपासणी परत मिळेलच असे नाही. प्रश्न मोजके, सौम्य आणि तपशिलाचे असावेत. मुलाला खोटारडे ठरवायची गरज नसते. बहुतेक वेळा चूक मोठ्यांच्या अर्थ लावण्यात असते. डॉक्टरच्या उलटतपासणीसाठी मात्र आपल्या तज्ज्ञाने प्रश्न लिहून द्यायला हवेत: हा आजार विचारात घेतला होता का, कोणत्या चाचणीने वगळला, तिचा कागद कुठे आहे. चाचणी केलीच नाही, हे डॉक्टरच्या तोंडून नोंदले जाणे दहा युक्तिवादांपेक्षा मोलाचे.

अंतिम युक्तिवादात एक मागणी विसरू नका. निकालपत्रात नुसते “संशयाचा फायदा” असे लिहिलेले असले, तर सरकारी नोकरीत परतताना ते आड येते. सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता आणि तांत्रिक मुक्तता यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मधल्या समुथिरम प्रकरणात फरक केला आहे. पुरावा आरोप खोडून काढणारा असेल, तर तसा निष्कर्ष निकालात यावा म्हणून लेखी युक्तिवादात तो मुद्दा स्वतंत्र मांडा.

निर्दोष सुटल्यावरही सहा महिन्यांचा बंधपत्र लिहून द्यावा लागतो, वरच्या न्यायालयाने बोलावल्यास हजर राहण्याचा. लोक दचकतात, पण ही नेहमीची रीत आहे. निकालाच्या प्रमाणित प्रती चार-पाच काढा: एक नोकरीच्या ठिकाणी, एक पोलीस ठाण्याच्या नोंदीसाठी, एक पासपोर्ट आणि पोलीस क्लिअरन्ससाठी, एक बाल कल्याण समितीला आदेश बदलण्याच्या अर्जासोबत. जप्त केलेला फोन आणि इतर मुद्देमाल परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो. समितीचा आदेश मुक्ततेने आपोआप बदलत नाही. मूल मधल्या काळात दुसऱ्या घरात रुळलेले असते. भेटी आधी तासाभराच्या, समुपदेशकाच्या उपस्थितीत, मग शनिवार-रविवार, मग शाळेची सुट्टी, अशा टप्प्यांनी मागितल्या तर समिती लवकर मान्य करते आणि मुलालाही ते पेलते.

भरपाईबाबत कायदा अजून कंजूष आहे. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून मिळू शकणारी रक्कम नागरिक सुरक्षा संहितेत फार तर एक हजार रुपये आहे. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी वेगळी भरपाईची व्यवस्था सुचवली होती. तक्रार खोटी होती म्हणून पॉक्सोच्या कलम २२ खाली कारवाई करायची, तर मुक्तता पुरेशी नाही, दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. सद्हेतूने कळवणाऱ्या शिक्षकावर, डॉक्टरवर किंवा शेजाऱ्यावर ती करता येत नाही, आणि मूल स्वतः तक्रारदार असेल तर त्याला शिक्षा होतच नाही. द्वेषपूर्ण खटल्याबद्दल दिवाणी दावा करता येतो, पण त्याची मुदत मुक्ततेपासून एकच वर्ष आहे. प्रमाणित प्रत हातात येताच वकिलाकडून ती शेवटची तारीख काढून घ्या.